भरल्या टाकीचा काटा: पाण्यासकट कॅरव्हान ओढताना

कॅरव्हान ट्रेलरची पाण्याची टाकी घरूनच भरून निघायचं की मुक्कामी जाऊन भरायची, हा विषय निघाला की बोलणं लगेच दोन गोष्टींवर जातं: डिझेल किती जास्त लागेल, आणि पाणी हिंदकळून गाडी हलेल का. आमच्या मते दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. पाण्याचं वजन एक्सलच्या, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या, कुठल्या बाजूला पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. एक लिटर म्हणजे एक किलो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एक्सलच्या मागे ठेवलेलं ११० किलो पाणी एक्सलवर ११० पेक्षा बरंच जास्त वजन टाकतं आणि टो बॉलवरचं (ओढणाऱ्या गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायचा जो गोळा असतो त्यावरचं) वजन उलट कमी करतं, हे काट्यावर आकडा दिसेपर्यंत पटत नाही. म्हणून नवी मुंबईतून भरल्या टाकीनिशी निघायचं ठरल्यावर आम्ही आधी कळंबोलीला ट्रेलरचा काटा केला आणि मग बाकीच्या तयारीला लागलो.

मुळात टाकी भरायचीच कशाला? रेवदंडा, काशीद, मुरूडच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. तसलं पाणी पिता येत नाही, आणि पंपाचे व्हॉल्व्ह, गिझरची टाकी यांनाही ते बाधतं. घरच्या नळाला मोरबे धरणाचं चांगलं पाणी येत असताना ते सोबत नेणं शहाणपणाचं. दोन माणसं बादलीभर पाण्यात आंघोळ आणि हात राखून भांडी धुणं एवढं करत असतील तर ११० लिटर जेमतेम दोन दिवस पुरतं. मुक्कामाच्या चार-पाच किलोमीटर आधी खात्रीचा नळ असेल तर मात्र ३०-४० लिटर घेऊन निघावं आणि तिथे भरावं. विनाकारण वजन ओढण्यात काही अर्थ नाही.

ट्रेलर एका एक्सलचा, बॉडी बारा फुटी. टो बॉलच्या मध्यापासून एक्सलपर्यंतचं अंतर ३.२ मीटर. टाकी फरशीखाली, एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच, म्हणजे ११० लिटर. टाकीचा मध्य एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे. हे तीन आकडे टेपने मोजून घेतले की हिशेब सोपा आहे: पाण्याचं वजन गुणिले एक्सलपासूनचं अंतर, भागिले बॉल ते एक्सल अंतर. ११० गुणिले ०.९ भागिले ३.२, म्हणजे सुमारे ३१ किलो. एक्सल हा सी-सॉचा टेकू. मागे बसलेलं पाणी पुढचं टोक ३१ किलोंनी उचलतं. हे ३१ किलो कुठे नाहीसे होत नाहीत, एक्सलवर येतात. म्हणजे ११० किलो पाण्याने एक्सलवर १४१ किलो वाढतात. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर सगळं उलटं: बॉलवरचं वजन वाढतं आणि ओढणाऱ्या गाडीचा मागचा भाग बसतो.

कागदावरचा हा हिशेब काट्यावर ताडून बघायला हवा, कारण ट्रेलरसोबत मिळालेलं रिकामं वजन हे फर्निचर, बॅटरी, चादरी, भांडी येण्याआधीचं असतं. कळंबोलीला लोखंड बाजारामुळे वजनकाट्यांची कमी नाही. काटा निवडताना जमिनीच्या पातळीतला निवडावा. चढाव करून वर जावं लागतं अशा काट्यावर फक्त ट्रेलरची चाकं वर आणि गाडी खाली राहिली की ट्रेलर तिरका होतो आणि आकडा हलतो. काटेवाल्याला आधीच सांगून ठेवावं की दोन वजनं हवीत. पहिलं, ट्रेलर गाडीला जोडलेलाच, पण फक्त त्याची चाकं काट्यावर आणि गाडी काट्याबाहेर. हे एक्सलवरचं वजन. दुसरं, ट्रेलर सोडवून, पुढचं टेकूचं चाक टेकवून, पूर्ण ट्रेलर काट्यावर. हे एकूण वजन. सोडवण्याआधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत. हँडब्रेकवर विसंबून ट्रेलर कधीही सोडवू नये. सकाळी ट्रकची रांग लागायच्या आत गेलं तर दोन्ही वजनं घाई न होता होतात. टाकी रिकामी आणि टाकी भरलेली असा काटा वेगवेगळ्या दिवशी केला तरी चालतो, फक्त सामान दोन्ही वेळी तेच आणि त्याच जागी असलं पाहिजे. ११० लिटर पाणी काट्यावर सोडून देणं काटेवाला खपवून घेणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

रिकाम्या टाकीला एकूण ९०० किलो, एक्सलवर ८३०. भरल्या टाकीला एकूण १,०१० आणि एक्सलवर ९७०. पावतीवरचे आकडे दहाच्या पटीत आहेत, कारण ट्रकच्या काट्यांची बारकी मोजणी सहसा दहा किलोंचीच असते. म्हणूनच बॉलवरचं वजन ट्रकच्या काट्यावर नीट कळत नाही. ते स्वतंत्र मोजावं लागतं.

त्यासाठी धान्याची पोती मोजायचा दीडशे किलोचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम, नाहीतर घरातला माणसं मोजायचा काटाही चालतो. आधी ओढणारी गाडी प्रवासाला निघेल तशी भरून, डिझेल आणि माणसांसकट, टो बॉलची जमिनीपासूनची उंची मोजायची. काट्याची उंची वजा करून तेवढ्या उंचीचा चार इंची लाकडी खांब कापायचा. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना गुटके लावायचे, कपलरच्या (ट्रेलरच्या नाकाचा, बॉलवर बसणारा भाग) खोबणीखाली खांब धरायचा आणि टेकूचं चाक हळूहळू वर घ्यायचं. चाक जमिनीपासून पूर्ण सुटलं की दिसतो तो बॉलवरचा भार. ट्रेलरच्या फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवून तो आडवा समपातळीत आहे का ते बघावं. नाक वर किंवा खाली असलं की आकडा बदलतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तिथे हे मोजमाप चुकतं.

रिकाम्या टाकीला ७२ किलो, भरल्या टाकीला ४१. टक्क्यांत बघितलं तर ८ वरून ४. युरोपात बॉलवर एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. आपल्या गाड्यांच्या टो हुकांवर उभ्या भाराची मर्यादा ७५ ते १०० किलोंच्या आसपास असते, त्यामुळे अमेरिकेतला आकडा इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. आम्ही ६ ते १० टक्के धरतो. ४ टक्क्यांना ट्रेलर शेपटी मारतो: वेग वाढला, बाजूने वारा आला किंवा मोठी गाडी शेजारून गेली की मागचा भाग डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतो आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होत जातो.

उपाय म्हणून कुणीही सांगेल की जड सामान पुढे टाका. इथेच गफलत होते. ट्रेलरची दीडशे अँपिअरची ट्युब्युलर बॅटरी मागच्या कपाटात, एक्सलच्या १.२ मीटर मागे होती. वजन साधारण ५५ किलो. ती नाकाजवळच्या पेटीत, एक्सलच्या दीड मीटर पुढे नेली तर बॉलवर ४६ किलो वाढतात. भरल्या टाकीला ८७ किलो होतात, अगदी छान. पण पाणी वापरून टाकी रिकामी झाली की तोच आकडा ११८ वर जातो आणि टो हुकाची शंभराची मर्यादा ओलांडली जाते. भरल्या टाकीसाठी केलेला इलाज रिकाम्या टाकीला घातक ठरतो. म्हणून बॅटरी नाकाशी न नेता बरोबर एक्सलवर, फरशीच्या पातळीत आणली. बॉलवर जवळजवळ २१ किलो वाढले: भरल्या टाकीला ६२, रिकाम्या टाकीला ९३. म्हणजे ६ आणि १० टक्के, आणि दोन्ही मर्यादेच्या आत. एक्सलवरचा भारही ९७० वरून ९५० वर उतरला. बॅटरी हलवताना तिची पेटी बंद ठेवून हवा बाहेर जाणारी नळी फरशीखाली काढावी, कारण चार्जिंग होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. आणि पॉझिटिव्ह टोकाच्या जितका जवळ बसेल तितका जवळ फ्यूज लावावा.

आता हिंदकळण्याबद्दल. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, हे वाक्य टँकरच्या दुनियेतून आलेलं आहे आणि दहा हजार लिटरच्या टँकरला ते शंभर टक्के लागू आहे. एक मीटर लांबीच्या ११० लिटरच्या टाकीत काय होतं ते मोजून बघा. टाकी अर्धी असताना जरा जोरात ब्रेक मारला की ५५ किलो पाणी पुढच्या भिंतीशी पाचरीसारखं चढतं. त्याचा मध्य साधारण १७ सेंटिमीटर पुढे सरकतो. बॉलवर फरक पडतो ३ किलोंचा. एवढ्याने ट्रेलर बिथरत नाही. भरल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही अवस्थांत बॉलवरचं वजन मर्यादेत असेल, तर मधल्या प्रत्येक पातळीलाही ते मर्यादेतच राहतं, कारण पाणी कमी होतं त्या प्रमाणात ते सरळ रेषेत बदलतं. दोनपैकी एक अवस्था बिघडलेली असेल तर अर्ध्या टाकीला दोष देऊन उपयोग नाही. शिवाय फरशीखालची भरलेली टाकी ट्रेलरचा गुरुत्वमध्य खाली आणते, हा फायदाच आहे. हिंदकळण्याचा त्रास होतो तो टाकीच्या पट्ट्यांना आणि नळ्यांना. आत आडपडदा असलेली टाकी मिळाली तर तीच घ्यावी.

पट्ट्यांचं आणि आधाराचं काम मात्र मन लावून करण्याचं आहे. रोटोमोल्डिंगची प्लॅस्टिकची टाकी नुसत्या दोन पट्ट्यांवर टांगली तर उन्हाळ्यात डांबरी रस्त्याच्या उष्णतेने नरम पडते, भरल्यावर तिच्या तळाला झोळ येतो आणि तो सगळा ताण तोटीच्या गळ्यावर जातो. तिथे केसासारखी चीर पडते. टाकी उभी असताना ती दिसत नाही, पण खड्ड्यांतून गेल्यावर तिथून ओल यायला लागते आणि धूळ चिकटून काळपट चंद्रकोर उमटते. ही खूण दिसली की तोटी बदलून भागत नाही, तळाला आधार द्यावा लागतो. आम्ही तळाखाली पूर्ण लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा चौकडीचा पत्रा दिला, त्यावर ५ मिलिमीटरचं रबर आणि वरून २५ बाय ३ मिलिमीटरच्या तीन लोखंडी पट्ट्या. बोल्ट ८ मिलिमीटरचे, नट नायलॉनचं कडं असलेले, म्हणजे थरथरीने सुटत नाहीत. तरी पहिल्या ५० किलोमीटरनंतर आवळून घ्यावेत, कारण रबर दबतं. टाकीपासून पंपापर्यंत सीपीव्हीसीचा कडक पाइप जोडू नये. टाकी आणि चॅसी एकमेकांच्या तुलनेत थोडी हलतातच, आणि कडक जोड बरोबर धाग्यापाशी तुटतो. हातभर लांबीची लवचिक प्रेशर नळी आणि दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिप लावल्या की प्रश्न मिटतो. ड्रेन कॉक हा ट्रेलरचा सगळ्यात खालचा भाग असतो. भरल्या टाकीने स्प्रिंग दबल्या की तो आणखी खाली येतो आणि सोसायटीच्या गेटच्या उतारावर किंवा उंच गतिरोधकावर घासतो. त्याच्यापुढे अँगलचा तुकडा वेल्ड करून घ्यावा.

भरताना वापरायची नळी खाण्यापिण्याच्या दर्जाची असावी. बागेच्या हिरव्या नळीचा वास पाण्याला लागतो आणि जात नाही. मोसमाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करायची असेल तर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिटरला १ मिलिलिटर, म्हणजे पूर्ण टाकीला ११० मिलिलिटर. प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं, तीन-चार तास तसंच ठेवायचं, मग काढून दोनदा धुवायचं. टाकीची हवा जायची नळी तुंबलेली नाही ना हे भरण्याआधी फुंकून बघावं. ती बंद असेल तर भरताना टाकी फुगते, पाणी भरण्याच्या तोंडातून उसळून बाहेर येतं आणि भरली असं वाटून आपण थांबतो, प्रत्यक्षात आत वीस-पंचवीस लिटरची हवा असते. दिव्यांच्या पातळीदर्शकावर भरवसा ठेवू नये. चार दिव्यांत ११० लिटर म्हणजे प्रत्येक दिवा २७ लिटरचा. टाकीच्या बाहेर उभी पारदर्शक नळी जोडून, वीस लिटरचे जार ओतत मार्करने खुणा केल्या की पातळी कायमची कळते.

टायरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. या ट्रेलरला १६५/८० आर १४ मापाचे टायर आहेत, कडेवर भारांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो आणि दोघांना मिळून १,०३०. बॅटरी हलवण्याआधी एक्सलवर ९७० होते, शिल्लक ६० किलो. त्यात कुणी छत्री-खुर्च्या-बर्फाची पेटी मागे कोंबली की शिल्लक संपली. आता ९५० आहे, तरीही आम्ही पुढच्या वेळी जास्त भारांकाचेच टायर घालणार आहोत. हवा गार टायरमध्ये भरायची, कंपनीच्या भार-दाब तक्त्याप्रमाणे, आणि कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर कधीच नाही. कमी हवेचा टायर भरल्या वजनाखाली कडेने तापतो आणि सायन-पनवेल रस्त्याच्या दुपारच्या उन्हात तिथेच फुटतो.

रस्त्यावर पहिली तपासणी संथ वेगाने करावी. पहाटे पनवेलकडे जाताना ४०, मग ५०, मग ६० असा वेग नेत प्रत्येक टप्प्याला आरशातून ट्रेलरच्या मागच्या कडेकडे बघावं. उरण फाट्याजवळ आणि जेएनपीटीच्या रस्त्यावर चाळीस फुटी कंटेनर शेजारून जातात. त्यांच्या पुढची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मागची हवा आत ओढते. बॉलवर पुरेसं वजन असेल तर एक झोका येऊन थांबतो. दुसरा झोका पहिल्यापेक्षा मोठा आला तर पुढे न जाता थांबून सामान हलवावं. झोका आला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीचे ब्रेक दाबायचे नाहीत आणि उलट स्टिअरिंग मारून तो सावरायला जायचं नाही. घर्षणाचा स्टॅबिलायझर, म्हणजे बॉल घट्ट धरून झोके आवरणारं साधन, लावला तर फायदा होतो, पण चुकीच्या वजनावर तो पांघरूण घालतो. आधी काटा, मग स्टॅबिलायझर.

कर्नाळ्याचा चढउतार सौम्य आहे. वडखळहून अलिबागकडे वळल्यावर कार्लेखिंडीत मात्र वळणं आणि उतार एकत्र येतात. तिथे भरल्या टाकीचे ११० किलो ब्रेकमध्ये कळतात. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकावा आणि इंजिनवर गाडी उतरवावी. ट्रेलरचा ब्रेक ओव्हररनचा असेल, म्हणजे गाडीचा वेग कमी झाला की कपलर दबून लागणारा, तर सतत हलका ब्रेक दाबत उतरल्यास तो पूर्ण उतारभर लागून राहतो आणि ड्रम तापतात. खाली सपाटीवर थांबून हबजवळ हाताचा पालथा पंजा न्यावा. एक हब दुसऱ्यापेक्षा खूप गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. रिव्हर्स घेताना हाच ब्रेक आडवा येतो, त्यामुळे ज्याला रिव्हर्सची सोय नाही त्याचा लॉक लावून मगच मागे घ्यावं. रेवदंड्याच्या वाड्यांमधल्या गल्ल्यांत हे फार उपयोगी पडतं.

मुक्कामावरून परत निघताना हिशेब पुन्हा बदललेला असतो. वापरलेलं पाणी ट्रेलरमधून जात नाही, ते सांडपाण्याच्या टाकीत जाऊन बसतं. आमची सांडपाण्याची टाकी ६० लिटरची, एक्सलच्या १.४ मीटर मागे. ती भरली की बॉलवरचे २६ किलो कमी होतात. चांगल्या पाण्याची टाकी रिकामी आणि ही भरलेली असेल तर ६७ किलो राहतात, चिंता नाही. पण वाटेत चांगला नळ दिसला म्हणून चांगल्या पाण्याची टाकी पुन्हा भरली आणि सांडपाणी तसंच ठेवलं, तर बॉलवर उरतात फक्त ३६ किलो, १,०७० किलोंच्या ट्रेलरला साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. सगळा प्रवास नीट करून आलेला ट्रेलर परतीच्या वाटेवर पेण-पनवेलच्या दरम्यान शेपटी मारायला लागतो तो बहुधा यामुळेच. आधी सांडपाणी योग्य जागी रिकामं करायचं, मग नळ सोडायचा. आणि ट्रेलरवर पुढे काहीही नवं बसवलं, एसी असो, सौर पत्रा असो वा सायकलचा रॅक, की पुन्हा कळंबोलीला जाऊन दोन्ही टाक्या भरून काटा करायचा.